गेला तर बदलून देऊ

श्रेयाच्या वर्गात चहाची कसोटी म्हटलं की सगळ्यांना कळायचं. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, श्रेयानंच काढलेली होती. कुठलीही गोष्ट घ्या, नाटुकलं घ्या, नाहीतर टीव्हीवरची जाहिरात. त्यातलं एखादं माणूस नुसतं चहाचा ट्रे घेऊन आत येतं, कप ठेवतं, निघून जातं, आणि त्याच्या मनात काय चाललंय याचा लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो, तर लिहिणारा नापास.

ही कसोटी जन्माला आली आठवीच्या गॅदरिंगला. हिमांशूनं एका शास्त्रज्ञावर नाटुकलं लिहिलं होतं आणि शास्त्रज्ञाच्या आईचं काम श्रेयाला मिळालं होतं. काम म्हणजे काय, अधूनमधून आत येऊन "बाळा, चहा घे" म्हणायचं आणि सुटायचं. तोवर श्रेया म्हणजे उत्तर येत असलं तरी मान खाली घालून स्वतःच्या कॉलरला सांगणारी मुलगी. पण त्या दिवशी तालमीत काय झालं कोण जाणे, ट्रे हातात धरून ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "ही बाई आत जाऊन काय करते? मुलगा घर सोडून चाललाय. तिला काहीतरी वाटत असेल की नाही?"

हिमांशू म्हणाला, ते नाटकात नाही.

"तेच म्हणतेय मी. नाटकात नाही, कारण ती बाई आहे. लिंगभेद म्हणतात याला."

मराठीच्या भानुमती मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि ओरडतील असं वाटत असताना चक्क हसल्या. हिमांशूचे कान लालभडक झाले. पण पोरगा तसा सरळ. घरी जाऊन त्यानं आईसाठी लांबलचक स्वगत लिहून आणलं, आणि गॅदरिंगला सगळ्यात जास्त टाळ्या त्या स्वगतालाच पडल्या. श्रेयाचा आवाज उघडला तो तेव्हापासून. मग तो मिटायचं नाव घेईना. वर्गात, रिक्षात, शेजारच्या काकूंच्या भिशीत, जिथं संधी मिळेल तिथं ती कसोटी लावत सुटली. पुंडलिकनगरच्या त्यांच्या गल्लीत तिला वकीलबाई म्हणायला लागले, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

अशा मुलीनं नववीत कथाकथन स्पर्धेत नाव दिलं, यात नवल काहीच नव्हतं. गोष्ट स्वतः लिहिलेली हवी, अशी अट होती. श्रेयाकडं गोष्ट तयारच होती. द्वारकाआत्याच्या मरणाची.

द्वारकाआत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. अजिंठ्याला दिली होती. दिवाळीच्या थोडं आधी ती अचानक गेली. सकाळी भाकरी टाकता टाकता खाली बसली ती उठलीच नाही. फोन आला तशी पप्पांनी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली, आणि आई, श्रेया आणि पप्पा निघाले. बाई सवाष्ण गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची लागते. ती भावानं न्यायची असते. ती पोचल्याशिवाय तिकडं पुढचं काहीच होत नाही. म्हणून पप्पांनी सिल्लोडच्या बाजारात गाडी उभी केली.

श्रेयानं गोष्ट लिहायला घेतली तेव्हा तिनं फार मेहनत केली. मेथी निवडताना आईजवळ बसून तिला विचारलं, नणंद गेल्यावर नक्की काय वाटलं. आई आधी म्हणाली, हे काय विचारणं झालं. मग बोलत बसली ती मेथी तशीच राहिली. आत्याची जाऊ गीताबाई हेल काढून कशी रडली, रडता रडता कुठली कुठली जुनी भांडणं त्यात ओवली, हे श्रेयानं तिलाच फोन करून पुन्हा म्हणून घेतलं. एकेका बाईच्या मनात ती कंदील घेऊन उतरली म्हणा ना.

पप्पांना विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. आपण ज्या गाडीतून गेलो तिला कुणी विचारतं का, की बाई तुला कसं वाटलं? तसंच ते.

कारण पप्पा म्हणजे, म्हणजे कडूबा, वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला होते, आणि त्यांचं घरातलं बोलणं म्हणजे पाणी आलं का, गॅस संपला का, गेट लावलं का. यापलीकडं तिनं त्यांना बोलताना फारसं ऐकलं नव्हतं. आत्या गेली त्या दिवशीही ते रडले नव्हते. नंतर भाऊबीजेला घर सुनं सुनं होतं, आई डोळे पुसत होती, आणि पप्पा सकाळपासून अंगणात मोटरसायकल धूत बसले होते. यांना बरी सुट्टी मिळाली, असं श्रेयाच्या मनात आलं होतं तेव्हा.

तर गोष्टीत पप्पा होते. हसू यायला होते.

शाळेतल्या पहिल्या फेरीत श्रेया उभी राहिली आणि तिनं गीताबाईंचा हेल असा काही काढला की पहिल्या रांगेतल्या मुलींनी रुमाल काढले. आणि मग, लोक अगदी रडायला टेकलेत बघून, तिनं सिल्लोडचं दुकान आणलं. हे तिला बरोबर जमायचं. शटर अर्धवट वर, पप्पा गादीवर मांडी घालून बसलेत, बाहेर गाडीत आईचा फोन वाजतोय, अजिंठ्याहून माणसं विचारतायत कुठवर आलात, आणि दुकानदार साडीवर साडी उलगडतोय. पप्पांना एक पसंत पडेल तर शपथ. ही नको, ती दाखवा. अखेर एक हातात घेतात, चोळून बघतात, आणि कपाळाला आठी घालून विचारतात. इथं श्रेया आवाज घोगरा करायची, पोट पुढं काढायची, आणि थेट पप्पांचा गावाकडचा सूर लावायची.

"भौ, रंग जातो का ह्याचा?"

आता, साडी कुणासाठी आहे हे पप्पांनी दुकानदाराला सांगितलंच नव्हतं. बिचारा नेहमीचं बोलून गेला.

"गेला तर बदलून देऊ, काका."

यावर श्रेया काहीच बोलायची नाही. नुसती प्रेक्षकांकडं बघत उभी राहायची. घटकाभरात सरणावर जाणारी साडी, आणि हा गृहस्थ विचारतोय रंग जातो का. आधी एक जण फिसकन हसायचा, मग सगळा हॉल. हशा ओसरला की ती पुढचं टाकायची. पोचल्यावर बायकांनी साडी बघितली आणि कुजबुजल्या, अगं हिरवी आणायची असते, यानं तर निळी उचलून आणली. पुन्हा हशा. मग एका वाक्यात ती उरलेलं उरकायची, "पुरुष गेले. पुरुष आले," आणि परत बायकांच्या ओसरीवर, त्यांच्या मनांत.

पहिला नंबर आला. आईनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं. तिनं ते कौतुकानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. पप्पांनी एक टाळी टाकली. घरी आल्यावर म्हणाले, "आवाज खणखणीत लागला." आणि गेट लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हिमांशू डबा घेऊन तिच्या बाकासमोर येऊन बसला. गोष्ट भारी होती, हे त्यानं आधी नीट सांगितलं. मग म्हणाला, एक विचारू का. श्रेयानं मान उडवली. त्या दिवसांत आपल्याला कुणीही काहीही विचारावं असं तिला वाटायचं.

"त्यानं तसं का विचारलं असेल? रंग जातो का, असं?"

"कुणी?"

"तुझ्या पप्पांनी. म्हणजे गोष्टीतल्या."

श्रेया म्हणाली, सोपं आहे. पुरुषांना असल्या वेळी काही वाटत नाही, त्यांना वस्तू दिसते, वस्तूची गॅरंटी दिसते. हिमांशूनं पोळीचा घास तसाच हातात धरला. त्याचं म्हणणं असं की गोष्टीत बायका आहेत आणि सगळ्यांना मन आहे, अगदी फोनवर बोलणाऱ्या बाईलाही. पुरुष मात्र ट्रे घेऊन येतात आणि जातात. इथं ट्रेऐवजी साडी आहे, एवढाच काय तो फरक. मी आईला मन दिलं नाही तेव्हा तू त्याला लिंगभेद म्हणालीस. मग याला काय म्हणायचं?

श्रेया अशी चिडली की बाकावर उभी राहायचीच बाकी होती. हजारो वर्षं बायकांना गोष्टींमधून पोतेऱ्यासारखं वापरलं. आता एका गोष्टीत एका बाप्याचं मन राहिलं तर लगेच अन्याय? दोन्ही एका तागडीत घालतोस? आणि दुसरं म्हणजे, मी काही खोटं लिहिलेलं नाही. मी गाडीत होते, काच खाली होती, माझ्या कानांनी ऐकलंय.

"हजारो वर्षांचं मी कुठं विचारतोय," हिमांशू म्हणाला. "तुझ्या पप्पांचं विचारतोय. तू त्यांना विचारलंस का?"

श्रेया म्हणाली, घंटा झाली. ती झालेली नव्हती.

मॅडमकडं तिनं तक्रारीच्या सुरात हे नेलं, मॅडम आपली बाजू घेतील म्हणून. मॅडम वह्या तपासत होत्या. त्या म्हणाल्या की हिमांशूचं पूर्ण बरोबर आहे असं नाही. ज्याला सगळीकडं बोलायला जागा आहे, त्याला एका ठिकाणी गप्प ठेवणं वेगळं, आणि जिला कुठंच जागा नाही, तिला गप्प ठेवणं वेगळं. श्रेयाची छाती फुगली. मग मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "पण तुझ्या पप्पांना कुठं जागा आहे गं बोलायला?" श्रेयाला पाणी आलं का, गॅस संपला का, गेट लावलं का, एवढंच आठवलं. तिनं विषय बदलला. अंतिम फेरीला कुठला ड्रेस घालू, म्हणाली.

त्याच रविवारी पुंजाराम मामा घरी आले. मामा म्हणजे आत्याचे यजमान. डोळे दाखवायला शहरात आले होते, जाता जाता बसले. पाण्याचा दिवस होता, त्यामुळं घरात एकच धांदल, सगळी भांडी बाहेर, कान नळाकडं. आईचे हात कणकेत होते, म्हणून पप्पाच चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. त्यांनी मामांसमोर कप ठेवला, श्रेयासमोर अर्धा कप ठेवला. तेवढ्यात नळ खाकरला, तसे ते मोटर लावायला निघून गेले.

श्रेयाच्या डोळ्यांसमोर ते रिकामं दार राहिलं.

मामांनी बशीत चहा ओतला. म्हणाले, तुझी गोष्ट पाहिली मोबाइलवर, पोरांनी लावून दिली. श्रेयानं कप खाली ठेवला. आत्याच्या मरणावर आपण हॉल हसवला, आणि आत्याचा नवरा समोर बसलाय, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. पण मामा रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं.

"लोकं लई हसली," मामा म्हणाले. "तुझी आत्या असती तं ती बी हसली असती. तिचंच बोलणं व्हय ते."

श्रेयाला कळलं नाही. मामांनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं ते असं. कडूबाला पहिला पगार झाला तेव्हा त्यानं भाऊबीजेला बहिणीला साडी नेली होती. गुलाबी. पहिल्याच धुण्यात तिचा असा रंग गेला की मामांची धोतरं, सासऱ्याची बंडी, घरातलं झाडून सगळं गुलाबी झालं. मामा त्या धोतरात बाजारला जाऊन आले होते, माणसं थांबून बघायची. त्या वर्षापासून तो एक खेळच झाला. दर भाऊबीजेला भावानं साडी हातात दिली की ही बोट ओलं करायची, पदराचं टोक घासायची आणि विचारायची, दादा, रंग जातो का रं ह्याचा? आणि तो म्हणायचा, गेला तं बदलून देईन. दरवर्षी तेच. पोरं मोठी झाली, आत्याचे केस पिकले, तरी तेच.

स्वयंपाकघराच्या दारात आई कणकेच्या हातांनी उभी होती. ती दर वर्षी साडी विकत घ्यायची, पण अजिंठ्याला पप्पा एकटेच जायचे. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"दुकानात तो काय इचारत व्हता, ते त्या दुकानदाराला काय कळणार," मामा म्हणाले. "त्यानं बरुबर तेच उत्तर दिलं. ह्याचंच उत्तर ह्याला दिलं. मग हा काय बोलणार?"

श्रेयाला गाडीतली काच आठवली. दुकानदार ते बोलला त्यानंतर पप्पा गादीवर तसेच बसून राहिले होते. श्रेयानं ते बघितलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली होती. गोष्टीत तिनं ती मान अशी काही डोलवून दाखवली होती की मागच्या रांगेतून शिट्टी आली होती.

मामा बोलतच होते, तिच्याकडं न बघता, बशीकडं बघत. आमच्यात बाया येत नाहीत ना मसणवट्यात, म्हणाले, म्हणून तुम्हाला नाय ठाऊक. सरणावर ठेवल्यावर माणसं घाई करत होती, आभाळ भरून आलं होतं. कडूबा पुढं झाला. मामांनी स्वतःचं बोट जिभेला लावलं आणि धोतराचं टोक दोन बोटांत धरून घासून दाखवलं. मग बोट डोळ्यांसमोर धरलं.

"असं केलं त्यानं. बोट बघितलं, तिला दाखवलं. म्हणला, नाय जात, द्वारका."

मग मामांनी चहा संपवला. बस निघायची होती.

पुरुष गेले, पुरुष आले. तिचं वाक्य. किती सुटसुटीत वाटलं होतं तिला ते लिहिताना. मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं होतं, परिणामकारक.

लाज वाटणं म्हणजे काय हे श्रेयाला वाटायचं आपल्याला ठाऊक आहे. उत्तर चुकलं, ओढणी दारात अडकली, सगळे हसले, त्याला ती लाज म्हणायची. ही तसली नव्हती. इथं हसले होते ते तिच्यासाठी हसले होते, बक्षीस दिलं होतं, आणि आता तो प्रत्येक हशा परत येऊन तिच्या अंगावर बसत होता. सगळ्यात वाईट म्हणजे तिला आता कळत होतं की तो विनोद चालला कशाच्या जोरावर. बाप्यांनी रडायचं नसतं, बाप्यांना काही वाटत नसतं, या जुन्या, आंबलेल्या समजुतीच्या जोरावर. हॉलमधल्या सगळ्यांना ती आधीच पाठ होती. श्रेयानं फक्त पोट पुढं काढलं. जी समजूत फोडायची म्हणून ती गल्लीभर वकिली करत फिरत होती, तीच तिनं उलटी करून सगळ्यांपुढं ठेवली होती आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

मामांना सोडायला आई फाटकापर्यंत गेली. श्रेया गच्चीवर गेली. पप्पा टाकीचं झाकण काढून आत बघत होते.

"पप्पा, मला ठाऊक नव्हतं."

"काय?"

तिनं बोट वर केलं. तेवढंच जमलं तिला. पप्पांनी बोटाकडं बघितलं. मग टाकीत बघत राहिले. आत पाणी जोरात पडत होतं.

"मामा बोलले वाटतं," ते म्हणाले.

आणि इथं श्रेयानं काय करावं? आता हे लिहायचीही लाज वाटावी असं तिनं केलं. तिला रडू आलं होतं हे खरं, पण रडता रडताच तिच्या डोक्यात अंतिम फेरी उजळली. घाईघाईनं बोलायला लागली. मी बदलते पप्पा, सगळं बदलते, दुकान तसंच ठेवते, लोकांना हसू देते, आणि मग शेवटी हे सांगते, सरणाचं, बोटाचं, सगळा हॉल रडेल, तुम्ही बघाच. शेवट कसा होईल ते तिला दिसायलाही लागलं होतं. कुठं थांबायचं, बोट कुठं वर करायचं.

पप्पांनी टाकीवर झाकण ठेवलं. नीट बसवलं.

"ते नको सांगू," ते म्हणाले. "ते तिथलं आहे. तिथंच राहू दे."

"पण मग लोक तुम्हाला हसतील."

"हसू दे की. हसलं तर काय जातं." आणि मोटर बंद करायला ते खाली गेले.

श्रेया गच्चीवर एकटी उभी राहिली. लाजेच्या खाली अजून एक लाज असते, हे तिला त्या दिवशी कळलं. आधी तिनं त्यांचं मन गाळून टाळ्या घेतल्या होत्या, आणि आता तेच मन दाखवून टाळ्या घ्यायला निघाली होती. दोन्ही वेळा तिला विचारावंसं वाटलं नव्हतं.

नाव मागं घेते, असं ती मॅडमना म्हणाली. मॅडम म्हणाल्या, शाळेकडून नाव गेलंय, आता नाही. हिमांशूला तिनं एवढंच सांगितलं की दुकान काढून टाकतेय. तो गोंधळला. म्हणाला, अगं तोच तर हशाचा भाग, मी काढ नव्हतो म्हणालो, मी म्हणालो, विचार. ती म्हणाली, विचारलं. मग काय म्हणाले, असं त्यानं विचारलं. श्रेयानं डब्याचं झाकण काढलं. हिमांशूला सांगायला तिच्याकडं काही नाही असं पहिल्यांदाच झालं असेल. त्यानं आपल्या डब्यातला लाडू तिच्या झाकणात ठेवला आणि गेला.

अंतिम फेरी सिडकोतल्या एका सभागृहात होती. आई शिवणाच्या क्लासमुळं येऊ शकली नाही, पप्पा सुट्टी टाकून आले. इस्त्रीचा शर्ट घालून मागून दुसऱ्या रांगेत, दाराजवळ बसले. श्रेयाला स्टेजवरून ते दिसत होते.

गीताबाईंचा हेल चांगला लागला. लोक शांत झाले. मग सिल्लोड यायचं होतं, तिथं ती म्हणाली, "वाटेत साडी घेतली," आणि पुढं गेली. रडायला टेकलेले लोक तसेच टेकलेले राहिले, सुटका झालीच नाही त्यांची. गोष्ट तिथं खाली बसली, हे तिला बोलता बोलताच कळलं. आणि मग ते वाक्य आलं. ते काढायचं तिला जमलं नव्हतं, कारण पुरुष खरोखरच गेले होते आणि खरोखरच आले होते.

"पुरुष गेले," श्रेया म्हणाली.

पुढं तिला बोलता येईना. पदराचं टोक दिसत होतं, ओलं बोट दिसत होतं, आणि ते सांगायचं नव्हतं. सभागृहात खोकले सुरू झाले. विंगेतून मॅडम कुजबुजल्या, पुरुष आले, पुरुष आले. कुणाला तरी वाटलं, पोरगी विसरली, आणि त्यानं धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. ती त्या मागच्या दाराजवळच्या शर्टाकडं बघत होती. शर्टानं मान हलवली. अगदी थोडी. दुकानात हलवली होती तशीच.

"पुरुष आले," ती म्हणाली, आणि गोष्ट कशीतरी संपवली.

परीक्षकांनी नंतर सगळ्यांसमोर दोन शब्द सांगितले. आवाज उत्तम, निरीक्षण उत्तम, मध्ये पाठांतर थोडं सुटलं. आणि लेखिकेनं एका गोष्टीचा विचार करावा. स्त्रियांचं मन इतकं बारकाईनं येतं, मग यातला भाऊ कुठं आहे? बहीण गेली आणि भाऊ नुसता साडी घेतो? त्याला काहीच वाटत नाही का? पुरुषपात्रांना मन नाकारणं हाही एक प्रकारचा लिंगभेदच, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. प्रेक्षकांतले काही जण माना डोलावत होते. श्रेयाला उभं राहून उत्तर देता आलं असतं. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायलाच तर तिचा आवाज उघडला होता. ती आपल्या बुटांकडं बघत बसली, आणि नंबर कुणाकुणाला मिळाले ते तिनं ऐकलंही नाही.

घरी जाताना ती पप्पांच्या मागं मोटरसायकलवर बसली. जालना रोडला ही गर्दी. पप्पा म्हणाले, चांगली झाली. ती म्हणाली, मध्ये विसरले म्हणतात. पप्पा म्हणाले, म्हणू दे.

सेव्हन हिलच्या सिग्नलला गाडी थांबली. श्रेयाच्या डोक्यात एक प्रश्न दिवसभर घोळत होता. एरवी भर तालमीत ट्रे हातात धरून, दुसऱ्याच्या नाटकातल्या बाईसाठी जो तिनं बेधडक विचारला होता, तोच. आता पाठमोऱ्या माणसाला विचारायचा तर आवाज थेट जुन्या जागी गेला, कॉलरमध्ये.

"पप्पा, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं?"

मागच्या रिक्षानं हॉर्न दिला. पप्पांना ऐकू गेलं नाही, असं तिला वाटलं. मनातल्या मनात तिला जरा सुटल्यासारखंही झालं, आणि सुटल्यासारखं झालं म्हणून पुन्हा लाज वाटली. सिग्नल सुटला. पूल गेला, चौक गेला, पुंडलिकनगरचं वळण आलं. फाटकापाशी पप्पांनी गाडी बंद केली, पण उतरले नाहीत. हँडलवर हात ठेवून तसेच बसले.

"निळी नव्हती ती," ते म्हणाले. "तू गोष्टीत निळी म्हणाली व्हतीस. मोरपंखी व्हती. तिला मोरपंखी पाहिजे व्हती कधीची."

श्रेया म्हणाली, हो.

मग पप्पा उतरले, गाडी आत घेतली, आणि आज गेट तिनं लावलं.